अठरा ग्रॅम

ओट्यावर दोन ग्राइंडर.
काळा माझा, दिवाळीच्या बोनसचा.
पांढरा मावसभावाचा, दापोलीहून एसटीच्या पार्सलने आलेला,
चार दिवसांच्या बोलीवर:
आवडला तर ठेव, काळा मला दे.
काळ्याची पाती सपाट, एकमेकींसमोर तोंड करून.
पांढऱ्याच्या पोटात शंकू, उखळात मुसळ बसावं तसा.

हर्णैत कॉफी म्हणजे सर्दीचं औषध.
कुंदावहिनी खिडकीतून विचारतात,
"एवढुशा कपाला एवढी गिरण?"
मी हसते, बिया मोजते.

अठरा ग्रॅम. एका वेळी एकाच कपाच्या.
पुस्तिकेत लिहिलंय, दळण्याआधी बियांवर
पाण्याचा एक थेंब शिंपडावा, म्हणजे भुगा उडत नाही.
इथे ते काम हवाच करते.
तळलेला पापडसुद्धा दुपारपर्यंत मान टाकतो.

काळ्यात अठरा टाकले, सतरा पॉइंट सहा आले.
टिचकी मारली, रबरी भाता दाबला: आणखी पॉइंट दोन.
उरलेले आतच बसले,
उद्या शिळे होऊन नव्यांच्या पुढे रांगेत उभे राहायला.
पांढऱ्याने अठराचे अठरा परत केले,
जुन्या कॅशियरसारखे, वर न बघता.

दुसऱ्या दिवशी चव.
पांढऱ्याचा कप दाट, गोडसर, सगळं एकजीव,
रात्रभर मुरलेल्या आमटीसारखा.
काळ्याचा आंबट. मग कडू. मग एकाच घोटात दोन्ही.
एक काटा बारीक केला, थेंब पडेना;
एक काटा मागे घेतला, नळ सोडल्यासारखी धार.
मग लाइट गेली.
साडेअकरापर्यंत दोन्ही ग्राइंडर सारखेच.

वहीत लिहिलं: पांढरा.

मी बर्फाच्या फॅक्टरीत हिशेब लिहिते.
तिथे लाद्या मोजतात.
बंदरावर तर मासळीचा ढीग नुसत्या नजरेने विकतात
आणि कोणी फसत नाही,
किंवा सगळे सारखेच फसतात.

तिसऱ्या दिवशी यासीन सोलकर घरी आले, उचलीच्या सहीला.
बावीस वर्षं लादी फोडायच्या मशीनवर.
उजव्या कानाने ऐकू येत नाही,
डावा, म्हणतात, मशीनने राखून ठेवलाय.
मी काळा चालू केला.
"बंद करा. पातं पात्याला लागतंय. एका अंगाला."
मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी स्क्रू काढले, पात्याच्या कडेला पेन्सिल फिरवली,
हाताने एक वेढा दिला.
जिथली रेघ पुसली, तिच्या समोरच्या अंगाला
माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी,
नखाएवढी, पात्याखाली.
"लादी वाकडी गेली की अर्धा चुरा, अर्धे धोंडे.
होडीवाला शिव्या मला घालतो, लादीला नाही."

पुढचा कप.
आधी संत्र्याची साल.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग गूळ, अगदी मागे, घशाशी.
प्रत्येकाची आपली जागा, कोणी कोणाच्या अंगावर नाही.
सोलकरांनी तीन चमचे साखर घालून पाहिला.
"औषधच आहे," म्हणाले, आणि कप संपवला.

पांढरा चार दहाच्या गाडीने दापोलीला गेला,
जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून.
भाऊ चिडला: दोनशे रुपये भाडं फुकट.

पॉइंट दोन ग्रॅम रोज अजूनही आत राहतात.
फॅक्टरीच्या वहीत अशासाठी एक रकाना आहे,
कोणी त्यावर सही मागत नाही:
वितळला.