उणे ऐंशी

मे महिना, धुळे, रात्री सव्वाअकरा.
भिंतीवरचा पारा अजून छत्तीसवर,
आणि फ्रीझरचा लाल आकडा
उणे ऐंशीवरून उणे एकसष्टवर आलेला.
लाइट साडेआठला गेली.
जनरेटरचं डिझेल कुठल्या मंजुरीत अडकलंय
ते हिलाल शिपायाला माहीत.
"दार उघडू नका मॅडम," एवढंच तो म्हणाला
आणि कानाला उपरणं बांधून फ्रीझरपाशी बसला,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा.

आत चौऱ्याऐंशी नळ्या, बोटाच्या पेराएवढ्या.
त्यांत पांझरेतल्या मुऱ्यांच्या कल्ल्यांचे तुकडे,
तीन उन्हाळ्यांचे.

मुरी तुम्ही पाहिली नसेल.
बाजारात तिला कोणी विचारत नाही.
नदी आटते, डबकं उरतं, डबक्याचाही चिखल होतो,
तिथं ही करंगळीएवढी मासळी
गाळात तोंड खुपसून वैशाख काढते.
कशी?
एवढाच माझा प्रश्न. त्याला चार वर्षं झाली,
फेलोशिप सात महिने थकलीय,
शोधनिबंध दोनदा परत आलाय.

उन्हानं पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात.
मुरीत काही प्रथिनं अशी, की ती धावत येतात
आणि दुसऱ्यांच्या घड्या पुन्हा घालतात,
लग्नघरात कुणी न सांगता
पाहुण्यांची अंथरुणं आवरणाऱ्या बाईसारखी.
त्या बाईला बोलावणारा निरोप मला वाचायचाय.
पण तो गोठवून ठेवावा लागतो.
उष्णता सोसल्याचा पुरावा
उष्णता सोसत नाही.

भामरे सरांचा फोन लागेना. स्कूटी काढली.
देवपूर, पूल, पारोळा रोड.
बर्फाच्या कारखान्यात निंबा आप्पा
उघड्या अंगानं गोणपाटावर निजलेले.
"इतली रातले? मासा शेतस का?"
"मासेच," म्हटलं. खोटं नव्हतं.
"कितला किलो?"
मनात गुणाकार केला.
"चार ग्रॅम."
आप्पा उठून बसले.

मी सांगत गेले. ते विडी शोधत राहिले.
तुमचा बर्फ शून्यावरचा, मला हवंय त्याहून खूप खाली,
हे म्हणताना माझा आवाज फुटला.
"मंग मीठ टाक ना. खडामीठ.
कुल्फीवाला काय करस?"
हेच मी एम.एस्सी.च्या पेपरात
'गोठणबिंदूचे अवनमन' म्हणून लिहिलं होतं.
सोळापैकी चौदा मिळाले होते.

दोन लाद्या, मिठाची गोणी, पुतण्याची रिक्षा.
"पैसा सकायले देजो."
हिलालनं लोखंडी गजानं लादी फोडली,
मी थर रचले: बर्फ, मीठ, नळ्या, बर्फ, मीठ.
बोटं बधिर, पाठीवरून घाम.
लाइट पाचला आली.

पंधरा दिवसांनी जेल चालवली.
जांभळ्या उजेडात दोन स्वच्छ पट्टे म्हणजे जगली,
धुरकट ओघळ म्हणजे गेली.
त्रेपन्न जगल्या.
पहिल्या उन्हाळ्याच्या सगळ्या गेल्या,
जिजाबाई वाडिलेंनी हातानं गाळ उपसून दिलेल्या.
त्या डबक्यावर आता सिमेंटचा घाट आहे.
जिजाबाईंना अजून सांगितलेलं नाही.

प्रबंधात, प्रकरण तीन: नमुने उणे ऐंशीला साठवले.
सर म्हणाले, खरं लिही.
मग लिहिलं: एका रात्री काही तास, बर्फ आणि खडेमीठ,
अंदाजे उणे अठरा.
बाहेरच्या परीक्षकानं त्या ओळीखाली
पेन्सिलीनं रेघ मारलीय म्हणे, शेजारी प्रश्नचिन्ह.

उद्या तोंडी परीक्षा.
ती कोणालाही मागे बसून ऐकता येते,
हे मी आप्पांना बर्फाचे पैसे देताना बोलून गेले.
त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, वीस परत केले.
"मी येसू," म्हणाले.
"पन मासा दखाडशी ना?"