पहिल्या मेजावरची हाक

हेल्दुरकाकांच्या संगणकात मेजं चार.
पहिल्यावर हिशेब, दुसऱ्यावर ॲकॉर्डियनच्या भात्यांची मापं,
तिसऱ्यावर लातवियातल्या झेंटाशी चाललेला
ईमेलवरचा बुद्धिबळाचा डाव.
चौथं रिकामं. ते म्हणे पाहुण्यांसाठी.

काका राहतात तिसऱ्यावर.
आणि अपडेटची सूचना उगवते पहिल्यावर,
उजव्या कोपऱ्यात, सात सेकंद,
रिकाम्या खोलीत कुणी घसा खाकरावा तशी.
मग विझते.

एकशे त्र्याण्णव दिवस.
विल्यांडीला आले तेव्हा मशीनच्या नोंदी उघडून मोजले.
दृष्टीआड सृष्टी, आणि त्या सृष्टीत
कुणीतरी रोज सकाळी दार वाजवून परत जात होतं.

ते कुणीतरी मीच.
सूचनांचा तो लहानसा प्रोग्रॅम मी सांभाळते,
तार्तूच्या एका गळक्या ऑफिसातून.
सातच सेकंद का, हे मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पहिल्या रात्री ती चारही मेजांवर झळकवली.
सकाळी काका: ऐन वजीर हलवताना
हे कोण मध्ये तोंड घालतंय?
मग लाल केली.
लाल आणि तपकिरी त्यांना एकच दिसतात.
इतकी वर्षं पुतणी म्हणून मिरवते, आणि हे आज कळतंय.
मग घंटी लावली.
घंटी ऐकून ते उठले, दार उघडलं.
बाहेर बर्फ आणि शेजारणीचं मांजर.
मांजर आत आलं.

दुपारी त्यांच्या कामाच्या फळीशी बसले.
मांडीवर कुणाचा तरी जुना ॲकॉर्डियन,
भात्याला मेणाचा वास.
बिघडलेली पट्टी कशी ओळखता?
"न वाजणारी कुणालाही सापडते गं.
अवघड ती, जी सुटत नाही.
बोट उचललं तरी बारीक चालू राहते.
कुठलीही धून घे, खाली ती असतेच.
कान आपोआप तिकडे जातो."

संध्याकाळी सगळं पुसलं.
घड्याळाशेजारी एक पोकळ वर्तुळ ठेवलं,
चारही मेजांवर, एकाच जागी.
उसळी नाही, रंग नाही, आवाज नाही.
फक्त जात नाही.

दोन दिवस काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात तसाच:
"लेएलो, इथे काहीतरी सुटत नाहीये."

दाबलं. सहा महिन्यांचं सगळं भराभर उतरलं.
मग मशीनने विचारलं, बंद करून पुन्हा सुरू करू?
काका पटाकडे बघत राहिले.
झेंटाची चाल शरद संपल्यापासून आलेली नव्हती.
डाव जतन असतो, काका, मी म्हटलं.
"डाव असेल," म्हणाले, आणि 'नंतर' दाबलं.

मी बस पकडली. वर्तुळ तिथेच.

काल फोन आला.
झेंटाने घोडा हलवलाय. हात मोडला होता तिचा, उजवा.
मशीनही झोपून उठलंय, बरं आहे.
आणि चौथ्या मेजावर मांजराचा फोटो लावलाय.
शेजारीण न्यायला येते म्हणते,
पण अजून आलेली नाही.