पाव डॉलर

हॅन्झलिकच्या दुकानात दिवा खिडकीत असतो,
आत नसतो.
मखमलीवर नाणी. मखमलीखाली
जुन्या गालिच्याचा तुकडा; मला माहीत आहे,
तो आमच्याकडेच धुवायला येतो.

मी शेजारच्या लाँड्रीत बसते.
नोटा मोडून देते, अडकलेली दारं उघडते,
कुणाचा एकटा मोजा राहिला तर खुंटीला लावते.
दिवसाला चारेकशे पाव डॉलर माझ्या हातून जातात.
एकाचंही तोंड मी कधी नीट पाहिलं नव्हतं

ऑर्व्हिल टॅकेट येईपर्यंत.

काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
मग कारखाना गेला, डावा कान गेला,
पेन्शन निम्मी राहिली.
दर महिन्याच्या तीन तारखेला तो कपडे मशीनमध्ये टाकी
आणि ते होईस्तोवर शेजारी जाऊन येई.
येताना हातात प्लास्टिकची चौकोनी डबी,
डबीत पाव डॉलर, सोन्याचं पाणी दिलेला,
सोबत नक्षीच्या कडेचा कागद:
मर्यादित आवृत्ती, क्रमांक ४,११७.
"किती मर्यादित?" मी विचारलं.
त्याने उजवा कान पुढे केला.
मी पुन्हा विचारलं नाही.

एकोणचाळीस डॉलर पंच्याण्णव सेंट.
"चाळिसातले पाच सेंट वाचवले," म्हणायचा.
हे गमतीने की खरंच,
शेवटपर्यंत कळलं नाही.

मला ठाऊक होतं.
हॅन्झलिकच्या विजारीच्या खिशात एकदा बिल निघालं,
भिजून लगदा झालेलं, पण आकडा शाबूत:
शंभर नग, नगाला दोन डॉलर दहा.
मी ते ड्रायरवर वाळवलं,
घडी घालून त्याच्या शर्टांवर ठेवून दिलं.
त्याने आभार मानले. नाताळात केक पाठवला.
चांगला होता केक.

आणि हॅन्झलिकला सरळ लबाड म्हणावं
तर तेही जमत नाही.
ऑर्व्हिल आला की तो खुर्ची ओढून द्यायचा,
भिंग पुसून द्यायचा, आणि न विसरता
त्याच्या उजव्या बाजूला बसून बोलायचा.
गावात एवढं करणारं दुसरं कोण होतं?
त्या एकोणचाळिसात
याचे किती धरायचे?

मार्चमध्ये ऑर्व्हिल वारला.
नात आली, केंड्रा, बुटांचं खोकं घेऊन.
खोक्यात त्रेसष्ट डबे.
"आजोबा सांगायचे, माझ्या कॉलेजचं एक वर्ष आहे यात."
ती शेजारी गेली. पाच मिनिटांत परत आली.
"दर्शनी किंमत देतो म्हणाला.
पंधरा डॉलर पंच्याहत्तर.
ओळखीचे होते म्हणून सोळा."

मी पावतीच्या मागे गुणाकार केला
आणि पावती खिशात घातली.

ती काही बोलली नाही.
म्हाताऱ्याची घोंगडी आणली होती तिने, तंबाखूच्या वासाची,
ती मोठ्या मशीनमध्ये कोंबली.
मग एक डबी नखांनी उचकटली.
उघडेना. दाताने उघडली.
मशीनने नाणं परत थुंकलं.
पुन्हा टाकलं, पुन्हा थुंकलं.
"बाहीवर घास जरा," मी म्हटलं,
एवढाच सल्ला मी त्या घराला कधी दिला.
तिसऱ्यांदा ते आत पडलं,
आवाज बाकीच्यांसारखाच.

नऊ लागतात मोठ्या मशीनला.
नऊ डब्या फुटल्या. पाणी आलं.
सबंध गावात त्या यंत्राने तेवढी
पाव डॉलरला पाव डॉलरची किंमत दिली.
बाकावर कागद पसरले होते, नक्षीचे.
मी ते गोळा केले.
४,११७ तीनदा होता.

रात्री पेटी उघडली.
पांढऱ्या राशीत नऊ पिवळे,
एकाच्या कडेचं सोनं आत्ताच खरवडलेलं.
मी पर्समधून सव्वादोन डॉलर काढून पेटीत टाकले
आणि ते नऊ घरी आणले.

का, ते विचारू नका.
किंमत मला माहीत आहे.