ते आणि तो

मे महिन्यात फांद्यांची छाटणी होती.
वाळकी म्हणून जी पाडली ती आतून पोकळ निघाली,
पोकळीत तिघं. दोन जागीच संपली.
तिसरं मढवीने आपल्या पिवळ्या हेल्मेटात घालून
माझ्या फाटकाशी आणलं,
"बाई, तुमी दवाखान्यात व्हतात ना?"

होते. वाशीला. एकतीस वर्षं रक्त तपासलं,
पिल्लू कुणी तपासायला आणलं नव्हतं.
अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या,
आणि चेहऱ्याच्या मानाने चोच फार मोठी,
आमच्या सासरकडच्या लोकांसारखी.

पपई. उकडलेल्या अंड्याचा बलक. भिजवलेलं अंजीर.
उजाडल्यापासून दर अर्ध्या तासाने, चिमट्याने.
वहीत तारीख, वजन, शी.
नाव मुद्दाम ठेवलं नाही.
नुसतं 'ते'.
ते खातंय. ते चिडलंय. ते पडद्याच्या दांडीवर.
पलीकडच्या गोम्सबाईंनी विचारलं, नर की मादी?
म्हटलं, तांबटांचं तांबटांनाच कळतं.
कपाळ अजून कोरं होतं त्याचं. तांबडा टिळा मागाहून येतो.
(मी टिकली लावते. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.)

बाविसाव्या दिवशी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली.
बेलापूरचा जून, पारसिकच्या पायथ्याशी, पंख्याशिवाय.
तिसाव्या दिवशी आठ सेक्टरच्या वळणावरल्या उंबराखाली
छत्री उलटी धरून उभी राहिले.
रिक्षावाले बघत होते.

मग दोन दिवस उघडीप मिळाली.

बाग म्हणजे काय, बारा बाय दहाची माती :
पेरू, कढीपत्ता, आणि यांनी लावून विसरलेलं रामफळ.
जाळीचं कपाट पेरूखाली ठेवलं, दार उघडलं.
ते बसून राहिलं.
मी आत जाऊन चहा टाकला.
पाहत राहिलं की निघवत नाही,
हे मला माणसांवरून माहीत होतं.

चहा उकळून आटला.
बाहेर आले तर पेरूच्या शेंड्यावर,
मान ताणलेली, एवढी मान त्याला होती हे मला ठाऊक नव्हतं.
मग वायर. मग गोम्सबाईंचा पत्रा.
मग सरळ, घाईघाईने, टेकडीकडे.

"गेला का?" भिंतीवरून गोम्सबाई.

एक्केचाळीस दिवस 'ते' होतं,
आणि त्यांनी एका शब्दात त्याचा 'तो' केला.
खरं तर बरोबरच. पत्र्यापलीकडे गेलं ते पिल्लू नव्हतं.
पण माझ्या तोंडून 'गेला' निघेना.
या घरात तो शब्द याआधी एकदाच वापरला होता,
तोही आदरार्थी बहुवचनात.
"उडाला," मी म्हटलं.
"तेच ते," त्या म्हणाल्या.
तेच ते नव्हे, गोम्सबाई.

तीन दिवस पपईला आला. चौथ्या दिवशी बुलबुलांनी संपवली.

आता दुपारी टेकडीवरून टुक, टुक, टुक.
एक ठोकतो, लांबून दुसरा उत्तर देतो,
मध्येच कुठल्या तरी साइटवरचा हातोडा.
मी कान देते. ओळखू येत नाही.
माझ्याकडे असताना तो एकदाही बोलला नव्हता.

ऑगस्टात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली,
जिथे तो ग्रिलवर बसून शेपूट बाहेर काढायचा,
भेगेतून दोन पानं आली.
उंबर.
वहीत एक पान शिल्लक होतं. लिहिलं : ते वाढतंय.

नळ दुरुस्तीला आलेला शकील म्हणाला,
मॅडम, आत्ताच उपटा, मूळ धरलं तर भिंत जाईल.
म्हटलं, उंबर आहे, असा कसाही नाही उपटत.
गुरुवारी बघते.
कोणत्या गुरुवारी,
ते त्याने विचारलं नाही.