दाब, धर

जीप माझ्याहून पाच वर्षांनी मोठी.
युद्ध आटोपून सैन्य घरी गेलं, ही मागं राहिली,
आणि लांगानेसच्या टोकाला
मेंढ्यांमागं धावत म्हातारी झाली.
तिसऱ्या गिअरमधून उडी मारायची खोड जुनीच;
यंदा सप्टेंबरात, डोंगरावर,
सगळे दात चावून थुंकले.

नवा गिअरबॉक्स म्हणजे टोयोटाचा,
हुसाविकच्या भंगारातून मासळीच्या पेटीत आलेला.
मधे जोडायला ॲल्युमिनियमची जाड थाळी.
इंजिन एका देशाचं, खोकं दुसऱ्याचं,
भोकं तेवढी माझी.

जुना क्लच सरळमार्गी होता.
पेडलला दांडा, दांड्याला खटका, खटक्याला काटा.
कोण कुणाला ओढतं ते कंदील धरला की दिसायचं.
आता त्या दांड्याच्या वाटेत सायलेन्सरचा पाइप.
तेव्हा तेल.
तांब्याच्या नळीतून पायाचा जोर पलीकडं पोचेल,
असं म्हणतात.
बापाला पटलं नसतं.
न दिसणाऱ्यावर तो फक्त रविवारी विश्वास ठेवायचा.

खोकं चढवताना शाफ्ट तीनदा अडला.
चौथ्यांदा मी शिवी दिली नाही,
जॅक बोटभर उतरवला, मागचं टोक जरा हलवलं,
आणि खाचांत खाचा गेल्या.
तो आवाज लिहिता येत नाही.
पुशरॉड नऊ मिलिमीटर जास्त. कापला.
मग दोन कमी.
ते दोन एका नटानं भरून दिले.

हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात.
एक गाडीखाली, एक पेडलवर.
ओड्डुर बोटीवर गेलेला. त्याची बायको ऐकत नाही.
उरला हेरमुंदुर,
आमच्या आल्फ्रूनचा नवरा.
म्हणजे होता, उन्हाळ्यापर्यंत.
फोनवर एवढंच म्हणालो: एक पाय हवाय.
तो आला. बूट न झटकता आला.

दाब.
दाबलं.
धर.
निपल पाव फेरा सैल केलं, नळीतून फुसफुसत फेस
रुबार्बच्या जॅमच्या रिकाम्या बाटलीत.
आवळलं. सोड.
दाब.
दाबलं.
अकराला सूर्य उगवला तेव्हा बाटली अर्धी झाली होती.
एवढ्या वेळात माझे तीन शब्द, त्याचा एक.
त्याआधीच्या सहा महिन्यांत तेवढेही नव्हते.

तरी पेडल भुसभुशीतच.
नळीनं एके ठिकाणी कुबड काढलं होतं;
हवा तिथं जाऊन बसते. मी ते वाकवून खाली घेतलं.
या तेलाला पाणी प्यायची सवय.
डबा रात्रभर उघडा राहिला की संपलं,
वरून तसंच दिसतं, पिवळसर, स्वच्छ.
म्हणून विचारून टाकलं, खालूनच,
त्याचा चेहरा दिसत नव्हता तोवर:
तुमच्यात पाणी कुठं मुरत होतं?

वर पेडल तळाशी धरलेलं.
मी सोड म्हटलं नव्हतं.
त्याची पोटरी थरथरत असणार, पत्रा बारीक वाजत होता.
मग वरून आलं:
"मला दिसलं असतं तर मीच आवळलं नसतं का?"
मी निपल बंद केलं.
सोड, म्हटलं.
त्यानं सोडलं.

पुढच्या खेपेला नळीत बुडबुडा नाही.
चाकं हवेत ठेवून इंजिन सुरू केलं, पहिला टाकला,
मागची दोन्ही फिरली.
त्यानं दाबलं. थांबली.
रिव्हर्ससुद्धा न करवडता बसला.
कॉफी थर्मासमध्ये होती, थंडगार.
ती प्यालो, आणि तो गेला.

रात्री जीपखाली कोरा पुठ्ठा सरकवला.
कुठं गळत असेल तर सकाळी तो सांगतो.
सकाळी डाग. तळहाताएवढा.
बोट लावलं. वास घेतला. दोन बोटांत चोळलं.
बुळबुळीत नव्हतं.
पेडलखालचा पत्रा गंजून भोक पडलंय,
त्यातून ठिबकलेला
त्याच्या बुटांवरचा बर्फ.

पुठ्ठा हीटरपाशी वाळत टाकला.
आल्फ्रूनला यातलं काही कळवलं नाही.
जीप चालते, एवढंच.