चार थेंब

कोग्याच्या गुऱ्हाळात काहिलीला फेस चढला
तसा मी ओरडलो, "जाळ कमी करा!"
खाली चुलवाणात चिपाडं सारणारा बाबालाल
नुसता हसला.
जे जळायचं ते आधीच आत गेलेलं.
आता हात आखडला तरी उकळी
घटकाभर आपल्याच नादात वर येणार.

यसबा गुळव्यानं घाई केली नाही.
एरंडेलाच्या वाटीत बोट बुडवून
चार थेंब सोडले फेसावर
आणि अख्खी काहील
मान खाली घालून बसली.

मला वाटलं, सापडली कळ.
वहीत लिहूनही घेतलं.

संध्याकाळी ढेप बसेना. मऊ, ओलसर,
चवीला किंचित खारट.
यसबा तो गूळ चिमटीत धरून
बराच वेळ बघत राहिला.
"ह्ये हितलं न्हाई," म्हणाला,
"ह्ये खालतीकडच्या रानातलं. मीठ फुटलंय तिथं.
पाणी मोजून पाजायचं सुटलं.
लाईट रातचीच, मग मोटर रातभर.
आनि ऊस जातोय टनावर,
गोडीवर न्हवं."

वाटी फडक्यानं झाकता झाकता थांबला.
"टनावर कुठं सोडू, सांग की,
ह्ये चार थेंब?"