निरंक

अकरा वर्षांत त्या एका पानाच्या
किती झेरॉक्स निघाल्या, मशीनलाच ठाऊक.
लाल पुठ्ठ्याचं डिस्चार्ज बुक,
पान सात, रकाना चौथा : पदके.
पुढं कुणा बाबूच्या तिरक्या अक्षरात
एकच इंग्रजी शब्द, तीन अक्षरांचा.
मराठी अर्जात मी त्याचं करायचो, ‘निरंक’.

नाईक गेनू तातोबा लोखंडे, सॅपर.
पुसेसावळीच्या पहिल्या एसटीनं साताऱ्यात,
सैनिक कार्यालय उघडायच्या आधी
माझ्या दुकानाचं शटर वर करू लागायचे
एका हातानं. दुसरा मांडीवर.
"गेला मात्रा दे नीट. मागं कुणी गणू लिवलं व्हतं,
आन गणूला कुठं काय लागलंय?"

खडकीहून उत्तर यायचं चार-सहा महिन्यांनी.
अभिलेख तपासले. जखमेची नोंद आढळत नाही.
इस्पितळाचे कागद मुदतीनंतर
नष्ट करण्यात आले आहेत.
तेवढी ओळ ते दोनदा वाचायला लावायचे.
"म्हंजे व्हते म्हनायचे की."

मग साक्षीदार हवा.
जतच्या पुढं उमदीला एक सापडले,
लान्स नाईक इमामसाब मुजावर,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तीन गाड्या बदलून लोखंडे गेले, प्रतिज्ञापत्र घेऊन आले.
*आम्ही रात्री सुरुंग काढत होतो.
यास मी खांद्यावर घेऊन नाल्यापार आणले.
उजव्या मांडीतून रक्त वाहत होते.*

मांडी डावी होती.
म्हटलं, परत करून आणू या, एका शब्दाचं काम.
"नगं. अंधार व्हता. त्यानं उचलला ह्येच बास.
त्याला खोटा पाडून मी पदक लावू?"
कागद तसाच गेला.
तसाच परत आला.

मधे दोन वर्षं ते आलेच नाहीत.
मी समजलो, गेले.

मग एका दुपारी हातात सिव्हिलचं खाकी पाकीट.
गुडघा धरला म्हणून कुणा शिकाऊ डॉक्टरीणबाईनं
फोटो काढताना मशीन जरा वर धरलं,
आणि हाडाला चिकटून दिसला
ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.
"काका, हे काय?" तिनं विचारलं म्हणे.
बावन्न वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं.

"ह्याची निघंल का कॉपी?"
पहिली काळीकुट्ट आली. दुसरीही.
मग फिल्मवर कोरा कागद ठेवला,
शाई शेवटच्या खुणेपर्यंत फिकी केली,
आणि मशीनच्या तोंडातून सरकत सरकत
एक पाय बाहेर आला,
डावा,
आत तो दाणा.
नोट्स घ्यायला आलेल्या पोरी
मोबाईल खाली धरून बघत राहिल्या.
त्या कॉपीचे पैसे मी लिहिले नाहीत.

गेल्या गुरुवारी पुस्तक खडकीहून परत आलं.
त्या तीन अक्षरांवर तांबडी रेघ,
शेजारी जखमेच्या पदकाचं नाव,
बारीक सही, गोल शिक्का.
वेगळ्या डबीत पदक.
त्यांनी ते तळहातावर घेऊन
बाजारात लसूण जोखावा तसं जोखलं.
"हलकं हाय," म्हणाले, डबी मिटली.

"उद्या उमदीला जातो.
मुजावराच्या हातात देतो, त्याला दिसत तर न्हाई.
इचारलं तर सांगीन, पाय उजवाच व्हता."

मग उधारीची वही मागितली.
तीनशे शहाऐंशी.
नोटा मोजल्या, वर दहाचं नाणं ठेवलं.
हे कशाचं?
"त्या काळ्या पायाचं. तू लिवलं न्हाईस. मी बघितलंय.
आता माज्या नावाफुडं त्यो शब्द टाक."
कुठला?
"त्योच. तू मराठीत करायचास त्यो."

पेन अडत होतं, दाबून लिहावं लागलं.
खालच्या पानावर उमटलं,
कुणा वकिलाच्या खात्यात,
ज्याचे अजून नव्वद रुपये येणं आहे.